सावडीचा मंगळवार

कापणीच्या दिवसांत आमच्याकडे पिकाचा आधी वास येतो, रंग नंतर दिसतो. आंबेमोहोर पिकत आला की सकाळी दार उघडल्याबरोबर वाटतं, शेजारच्या घरात कुणीतरी शिजल्या भातावरचं झाकण काढलंय. शेजारच्या घरात कुणी भात शिजवत नसतं. शेजारच्या घराचा आता बंगला झालाय, त्याचे मालक शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. वास खाचरातून येतो, उभ्या पिकाचा, चूल न पेटवता. पौड रस्त्यावरून भुकूमकडे जाणाऱ्या गाड्यांच्या काचा बंद असतात म्हणून, नाहीतर निम्मी माणसं ऑफिसला पोचण्याआधीच भुकेनं व्याकूळ झाली असती.

यंदाही वास आला. मी दारात उभा राहून छातीभर घेतला, आणि जीभ आपली आपण खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, जाऊन आली.

तिथं एक जागा आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढी. आरशासमोर ओठ उलटा करून पाहिला तर पांढरी दिसते. पण आमच्या न्हाणीतला दिवा फार पांढरा आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. गणपती बसले तेव्हापासून आहे. गणपती गेले, नवरात्र उठलं, दिवाळीचा फराळ संपला, जागा काही गेली नाही. दुखत नाही. दुखत असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मला साधं नख लागलं तरी मी दोन दिवस हात गळ्यात बांधून फिरतो. ही दुखत नाही, म्हणून मी गप्प आहे. आणि न दुखणाऱ्या जागेचा काय अर्थ असू शकतो, हे आमच्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत असेल तर ते एकट्या वैनींना.

म्हणून यंदा भाताचा वास आला आणि मी थेट दोन वर्षांपूर्वीच्या कापणीत जाऊन पडलो.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमन. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी सहावीत होतो आणि गणितात नापास होतो. 'ह्यो काय शेती करनार न्हाई, ह्येला नोकरीच बघा,' असं त्यांनी आल्या आल्या दादाला सांगून टाकलं, आणि ते खरं झालं. मी जवळच्याच शाळेत लिपिक आहे. आमच्या शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पिवळी पाटी आहे, ती माझ्या देखरेखीखाली रंगवली गेली. रंगारी शिडीवर चढून अक्षरं काढत होता आणि मी खाली उभा राहून 'जरा वर, जरा डावीकडं' असं सांगत तळहातावर तंबाखू मळत होतो. त्यात काही विसंगत आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही. रंगाऱ्यालाही वाटलं नसावं. शिडीवरून उतरल्यावर त्यानं माझ्याच तळहातातली चिमूट उचलली.

वैनींची तऱ्हा वेगळी. त्यांची मिश्री. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि ती पूड बोटानं दातांना लावायची. सुरुवात सकाळी दात घासायला म्हणून होते. मग ती जेवणानंतर लागते, मग चहाच्या आधी, मग भूक मारायला, मग कंबर दुखली म्हणून, मग घरातलं कुणी जास्त बोललं म्हणून. वैनी मिश्री भाजायला बसल्या की घरभर ठसका उठायचा, दादा खोकत गोठ्याकडं पळायचा, आणि मी मात्र दारात रेंगाळायचो. मला तो वास आवडायचा. तो वास आला म्हणजे वैनी घरात आहेत, चूल पेटलीय, आता काहीतरी खायला मिळणार. पुढं नोकरी लागल्यावर पौडच्या बाजारातून त्यांच्या मिश्रीचं पान मीच आणायला लागलो. पान हातात धरून, वास घेऊन, जाड शिरेचं बाजूला काढून. 'पान आनावं तर भावजींनी,' असं वैनी चारचौघींत म्हणाल्या की मला पदवीच्या वेळी वाटला नव्हता इतका अभिमान वाटायचा. वीस-बावीस वर्षं मी हे काम केलं. एकदाही चुकवलं नाही.

आमच्याकडे कापणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या त्याच सगळ्या तुमच्या खाचरात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ज्याची कापणी त्यानं दुपारचं जेवण घालायचं. पूर्वी सावडीला चाळीस-पन्नास माणसं असायची. आता जमिनी गेल्या, खाचरांवर स्लॅब पडले, आम्हीही रस्त्याकडच्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. तरी बारा-तेरा बायकांची सावड अजून टिकून आहे. त्यांची पुढारी ठकूबाई. ती वरच्या धनगरवाड्यातली. शेळ्या-मेंढ्या राखते, स्वतःच्या दोन खाचरांत भात करते, आणि विळा असा चालवते की मागच्या बाईला पेंढी बांधायला उसंत मिळत नाही. सावडीचा दिवस एकदा ठरला की हलत नाही. ताप असो, पाहुणे असोत, बाईनं खाडा करायचा नाही. खाडा करणारीच्या खाचरात पुढच्या वर्षी कुणी उतरत नाही, असं म्हणतात. तसं कधी घडलेलं मी पाहिलं नाही, कारण खाडा करणारी बाईच मी पाहिली नाही.

त्या वर्षी वैनींच्या उजव्या गालात आतून काहीतरी झालं होतं. 'त्वांड आलंया,' त्या म्हणायच्या. 'उष्णतेनं.' घरातला शिकलेला माणूस मी, तेव्हा इलाज माझ्याकडे. मी पौडहून लावायची ट्यूब आणली. ती संपली, दुसरी आणली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या. सब्जा भिजवून प्यायला सांगितलं. त्याच पिशवीतून, गोळ्यांच्या शेजारी, मिश्रीचं पानही आणत होतो. तेव्हा पिशवीत दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटून सुखानं नांदत होत्या.

आणि त्याच कापणीत आम्ही शिबिर घेतलं. तोंडाच्या कॅन्सरची मोफत तपासणी. आमचं मंडळ गणपतीनंतर वर्षभर काही करत नाही अशी टीका होत होती, तेव्हा पुण्याहून डॉक्टर येतात असं कळल्यावर आम्ही लगेच हो म्हणालो. तारीख मी ठरवली. दिवाळीची सुट्टी, रविवार, शाळेचा हॉल मोकळा, खुर्च्या मोकळ्या, माईकवाला मोकळा. सगळ्यांची सोय पाहिली. बायकांची सावड त्या दिवशी आमच्याच खाचरात आहे, हे मला ठाऊक होतं. रोज जेवताना त्यावरच बोलणं चाललं होतं. पण एका रविवारच्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

प्रास्ताविक माझं होतं. 'तंबाखूमुळे हसती-खेळती कुटुंबं उद्ध्वस्त होतात' इथपासून सुरुवात केली. बोलताना खालच्या ओठात चिमूट होती. थुंकायला जाण्याइतका वेळ मिळाला नव्हता आणि गिळण्याइतकं धैर्य नव्हतं, त्यामुळे शब्द जड जड बाहेर पडत होते. खाली उतरल्यावर मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेतला. 'बाळासाहेब, कंठ दाटून आला होता तुमचा. आम्हालाही गलबलून आलं.'

तपासणीला आले कोण, तर विकेंडच्या बंगल्यांमधली पाच-सहा जोडपी, आमच्या खोल्यांतली आयटीतली चार पोरं आणि शाळेचा शिपाई. सगळ्यांचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभतील असे. एक तरुण डॉक्टर मुलगी होती. कपाळाला विजेरी बांधून बसलेली. तासाभरानं ती माझ्याजवळ आली.

'सर, मिश्री लावणाऱ्या बायका आहेत ना गावात? एकही दिसत नाही.'

'आहेत ना. त्या आज शेतावर.'

'मग आम्हीच जाऊ की शेतावर. किती अंतर आहे?'

शाळेच्या हॉलला मागच्या बाजूनं मोठी खिडकी आहे. त्या खिडकीतून आमचं खाचर दिसतं. वाकलेल्या पाठींची रांग दिसत होती, आणि बांधावर, तीन दगडांच्या चुलीपाशी, वैनींचं हिरवं लुगडंही दिसत होतं. मी खिडकीकडे पाठ केली.

'लांब आहे हो,' मी म्हणालो. 'चिखल पण आहे. तुमचे बूट खराब होतील. पुढच्या वेळी नक्की ठेवू.'

का म्हणालो? शाल-नारळाचा कार्यक्रम राहिला होता, फोटो राहिले होते, हे खरंच. पण दुसरंही एक खरं होतं. ती त्याआधीच एकदा म्हणाली होती, 'कुणी येत नाही तोपर्यंत तुम्हीच बसा सर खुर्चीवर, तुमचं तोंड बघते.' आणि मला शिबिर लवकरात लवकर गुंडाळून तिला पुण्याच्या गाडीत बसवायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वैनींनाही नाही. लिहितोय, कारण वैनी वाचत नाहीत. माझी बायको सविता त्यांना मोठ्यानं वाचून दाखवेल, तो धोका मी पत्करलाय.

त्या दिवशी दुपारी मी शाल खांद्यावर घेऊनच बांधावर जेवायला गेलो. बायका पंगतीनं बसल्या होत्या. मटकीची आमटी, नवा भात, ठेचा. जेवण उरकल्यावर मिश्रीची डबी हातोहात फिरली, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर, जशी इतर ठिकाणी बडीशेप फिरते. वैनी सगळ्यांना वाढून बाजूला बसल्या होत्या आणि भाकरी दुधात कुस्करत होत्या.

'ठेचा न्हाई घेतला, वैनी?'

'लई झोंबतुया आज.'

'आज' म्हणाल्या त्या. मीही 'आज' असंच ऐकलं.

संक्रांतीला त्यांना तिळाचा लाडू तोंडात घालता येईना. तोंड उघडतच नव्हतं पुरतं. दोन बोटंही आत जाईनात. तेव्हा सविता माझ्यावर ओरडली, 'अवो, तुमची ट्यूब घाला चुलीत! डॉक्टरकडं न्या त्यांना!' पुण्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि गालाचा तुकडा काढून तपासायला हवा म्हणाले. दादा उठून बाहेर निघून आला.

'तुकडा काडला की पसरतंय म्हनत्यात, बाळू.'

'कोन म्हनतं?'

'समदीच म्हनत्यात.'

दादा तसा दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यातली दोन अशी खर्च झाल्यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं, आणि मी तर तंबाखूमुक्त शाळेचा माणूस. त्यात पुढं पंधरा दिवस गेले. शेवटी वैनीच म्हणाल्या, 'पसरायचं ते तुकडा न काडता बी पसरंल की. त्येला काय परवानगी लागतीया व्हय?' आणि दादाच्या आधी जाऊन एस्टीत बसल्या.

तपासणीचा कागद आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, 'आधी का नाही आणलंत?' दादा जमिनीकडं बघत होता. मी भिंतीकडं बघत होतो. भिंतीवर निसर्गदृश्याचं कॅलेंडर होतं, त्यात खिडकी नव्हती. तरी मला दिसत होती.

ऑपरेशन झालं. उजवा गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढला, मांडीचं मांस आणि कातडी तिथं बसवली. वैनींना बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी पहिलाच विनोद सविताजवळ केला: 'आता कुनी गालाला हात लावला तर सांगायचं, मेल्या, मांडी हाय ती.' सविता हसता हसता बाहेर जाऊन रडली. वैनींचं बोलणं आता ओल्या कापडातून आल्यासारखं येतं. नवख्याला कळत नाही. मी इथं स्वच्छ लिहितोय, कारण आम्हाला ते तसंच ऐकू येतं.

मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. मशीनखाली झोपवून शेक देतात, पाच-दहा मिनिटांचं काम. पण आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. रोज पुणं. रोज कुणीतरी सोबत. दादाच्या मागं गुरं, आणि त्याला चांदणी चौकातले पूल बघूनच घेरी येते. मला शाळा. सविताला घर. आम्ही तिघं ओसरीवर बसून एकमेकांची तोंडं बघत होतो, तेव्हा ठकूबाई आली. कमरेला विळा होता, उन्हाळा तोंडावर आला तरी. पायरीवर बसली.

'बाळूसायेब, सुमन माझ्या खाचरात बारा वर्सं वाकली. एक खाडा न्हाई. आता पुन्यात कापनी लागलीया समजायचं. सावड आमची.'

'अगं ठकूबाई, रोज जायचंय. सहा आठवडे.'

'मग? भात काय एका दिसात कापून हुतंय?'

वार वाटून घेतले त्यांनी तिथंच. सोमवार सविता. मंगळवार ठकूबाई. बुधवार, गुरुवार सावडीतल्या दुसऱ्या दोघी-दोघी आलटून पालटून. शुक्रवार मोकळा राहिला. 'बायांच्या सावडीत गडी घेत न्हाईत,' ठकूबाई म्हणाली, 'पन शुक्रवारी येऊ द्या बाळूसायबाला. तेवडंच पिशवी धरंल.'

शुक्रवारी मी पिशवी धरायचो. वैनी खिडकीशी, पदर अर्ध्या तोंडावरून ओढून. पिशवीत पेजेची बाटली. पेज दादा करायचा. ज्या माणसानं जन्मात चुलीवरचं भांडं उतरवलं नव्हतं, तो पहाटे उठून तांदूळ मऊ शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, आणि ती फार गरम नाही ना हे बघायला थेंबभर आपल्या मनगटावर टाकायचा. घशाला आतून फोड आले होते, तर वैनींनी चमचाभर पेज गिळेस्तोवर एखादं गाव मागं पडायचं. मी अंतर असं मोजायचो, पौडपासून भुकूमपर्यंत चार चमचे.

ठकूबाईच्या मंगळवारांच्या गोष्टी मात्र गावभर झाल्या. पहिल्याच दिवशी एस्टीत शेजारच्या बाईनं वैनींचा गाल बघितला आणि ती उठून दुसरीकडं बसायला निघाली. ठकूबाईनं तिचा पदर धरला. 'बसा वो ताई. लागत न्हाई ते. लागनारं असतं तर पैलं हिच्या जावंला लागलं असतं, दोगी रोज भांडत्यात.' अख्खी गाडी हसली. बाई खाली बसली, आणि उतरताना तिनं वैनींची पिशवी हातात दिली.

दुसऱ्या मंगळवारची गोष्ट ती कमी सांगते. दवाखान्याच्या बाकावर बसून कंटाळा आला, तशी तिनं सवयीनं कमरेची मिश्रीची डबी काढली. झाकण उघडलं, बोट घातलं. समोरच्या बाकावर एक म्हातारा होता. त्याला खालचा जबडा नव्हता, मान फडक्यानं बांधलेली. तो तिच्या बोटाकडं बघत होता. रागानं नाही. 'हावऱ्यावानी बघत हुता गं,' ती सविताला म्हणाली. 'मागतोय जनू. मग मला माजंच बोट वर न्येता यीना.' डबी तिनं मिटली. परतीच्या वाटेवर नदीत फेकून देणार होती, पण मग म्हणे वाटलं, माशांनी काय केलंय? शेवटी उकिरड्यात पुरली.

यावर सगळ्या सावडीनं मिश्री सोडली असं मी लिहिलं असतं तर लेख छान झाला असता. पण वैनी माझा कान धरतील. पाच-सहा जणींनी सोडली. दोघींनी सोडून परत धरली. काही जणी घरी लावतात, पण डबी खाचरात आणत नाहीत, वैनींच्या समोर तर नाहीच. आणि मी? मी वैनींच्या ऑपरेशनच्या दिवशी तंबाखू सोडली. मग शाळेच्या निकालाच्या दिवसांत कामाचा ताण आला. मग परत सोडली. सोडण्याचा माझ्याइतका अनुभव मुळशी तालुक्यात कुणाला नसेल. पान आणायचं मात्र कायमचं बंद झालं. तेवढं एकच मी निभावलं, आणि तेही वैनींना पान लागेनासं झाल्यावर.

वैनी दर तीन महिन्यांनी दाखवायला जातात. डॉक्टर बघतात, दाबतात, 'ठीक' म्हणतात. त्या एका शब्दावर वैनी पुढचे तीन महिने काढतात. तिखट अजून चालत नाही. वर्षभर कशाचीच चव नव्हती. मागच्या कापणीला त्या पातेल्याचं झाकण काढायला लावून नुसत्या वाफेवर वाकून बसायच्या. आंबेमोहोर नाकानं जेवायच्या. यंदा मऊ भात घास घास जातो. भाताचा वास आला की मी त्यांच्याकडं बघतो आणि त्या माझ्याकडं. निदान मला वाटत होतं की आम्ही दोघं भाताचाच विचार करतोय.

परवा, शनिवारी, आमची सावड होती. शिबिरही त्याच दिवशी होतं. या वेळी तारीख मी ठरवली नाही, बायकांनी ठरवली. आणि जागा आमचं खळं. दुपारच्या जेवणानंतर डबी फिरायची त्या वेळेला डॉक्टर यायचे. माईक नाही, शाल नाही, प्रास्ताविक नाही. तीच डॉक्टर मुलगी आली. बांधावरून उड्या मारत, चिखलात बूट बुडवत. मला तिनं ओळखलं.

'अरे वा सर, या वेळी जवळ ठेवलंत!'

ती अगदी मनापासून हसून म्हणाली. मी पेंढ्या रचायला निघून गेलो. त्या रचायची काही गरज नव्हती, कुणीतरी आधीच रचल्या होत्या.

एकेक बाई पेंढीवर बसत होती, आ करत होती. वैनी शेजारी उभ्या राहून प्रत्येकीला आपला गाल दाखवून सांगत होत्या, 'भ्यायचं काय त्यात? माजं बघ. मी उशीर केला म्हनून येवडं. तू आज बसलीस, तुजं न्हाई व्हायचं येवडं.' दोघींना चिठ्ठी मिळाली, पुण्याला येऊन दाखवा म्हणून. बाकीच्या तोंड पुसत, पदर सावरत, सुटल्यासारख्या खाचरात उतरल्या. मी पेंढ्यांच्या मागं होतो. तिथून सविता दिसत होती, वाकून पेंढीला आळा घालून ती बांधताना.

'भावजी.'

वैनी माझ्यामागं येऊन उभ्या होत्या.

'ठेचा कवा सोडला?'

'कुटं सोडलाय? खातो की.'

'दसऱ्यापास्नं बघतीया. ताटाच्या कडंला घ्येताय आन् तसाच ठिवताय. घास उजवीकडनं चावताय. मी बी असंच करायची, तुमी ट्यूब आनून द्यायचा तवा.'

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणालो, 'बायकांचं हुऊ द्या आधी.'

'झालं समद्यांचं. चला.'

पेंढीवर बसलो. बावन्न वर्षांचा माणूस, आ करून. विजेरीचा उजेड दिवसाढवळ्याही डोळ्यांत जातो, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर मुलीनं ओठ खाली ओढला. बोटानं ती जागा दाबून पाहिली. मग गळ्याखाली चाचपलं.

'कधीपासून आहे?'

आठवडा झाला, असं म्हणायचं मी ठरवलंच होतं. वाक्य तयार होतं. पण वैनी समोर उभ्या होत्या, पदर न ओढता.

'गणपतीपास्नं,' मी म्हणालो.

खाचरात सविताचा हात थांबला. ती वर बघणार असं वाटलं. तिनं बघितलं नाही. पेंढीचा आळा तिनं इतका करकचून आवळला की दोन-चार लोंब्या तुटून खाली पडल्या.

'काही असेलच असं नाही सर,' डॉक्टर मुलगी म्हणाली. 'पण आता थांबायचं मुळीच नाही. तंबाखू आजपासून बंद. मंगळवारी या. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.'

दादा बैलांपाशी उभा होता. तुकडा हा शब्द त्यानं ऐकला. या वेळी त्यानं नुसती मान हलवली, जा म्हणून.

मी मात्र बोललो. 'मंगळवारी शाळेची वार्षिक तपासणी आहे... आणि कापणी पण अर्धी...'

'मंगळवारी मी येतीया यांच्यासंगं,' वैनी डॉक्टरला म्हणाल्या. ती त्यांचं बोलणं समजून घ्यायला पुढं वाकली, तर त्यांनी परत एकदा, सावकाश सांगितलं. 'मंगळवार माजा. माजी सावड हाय.'

'तुमी कशाला वैनी,' मी म्हणालो. 'उनाची दगदग. लांब हाय हो.'

आणि तोंडातून निघालेला तो शब्द मी ऐकला. डॉक्टर मुलगी चिठ्ठी लिहीत होती. खळ्याच्या पलीकडं शाळेची भिंत दिसत होती, आणि भिंतीतली मोठी खिडकी.

'लांब कुटलं?' वैनी म्हणाल्या. 'पौडवरनं सातची गाडी हाय.'

मग त्यांनी सूप उचललं, भात भरून घेतलं, आणि वाऱ्याच्या दिशेनं उभ्या राहून उपणायला लागल्या.